वेखंड, मुडदूस आणि मीठ : मागे पडणाऱ्या मुलांच्या आहारोपचारांचा कोकणातील इतिहास

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर, आंबा घाटातून कोल्हापूरला जाणारा रस्ता जेथे फुटतो त्या नाक्यावर वसलेले असून बल्लाळेश्वरामुळे प्रसिद्ध असलेल्या रायगड जिल्ह्यातील पालीशी त्याची गल्लत होऊ नये. किनाऱ्यापासून थोडे आत आणि घाटापासून थोडे खाली अशा या पट्ट्यातून मीठ आणि सुकी मासळी वर जात असे, घाटावरचा गूळ आणि कडधान्य खाली येत असे, आणि घरातील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीकडे निघत असे. त्यामुळे येथील मुलाच्या तोंडी काय पडले याचा इतिहास लिहायचा तर तो केवळ गावच्या चुलीशी थांबत नाही, मिठागरे, मुंबईतील औषधांची दुकाने आणि अलीकडे परदेशातील प्रयोगशाळा येथपर्यंत त्याचे धागे जातात. वयाच्या मानाने बसणे, चालणे, बोलणे किंवा समजणे ज्या मुलाला उशिरा येते अथवा येतच नाही, त्याच्या स्थितीला आज विकासात्मक अडचण म्हटले जाते आणि तिच्यात मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अशा परस्परांहून अगदी भिन्न अवस्था मोडतात. जुन्या बोलीत मात्र असे मूल ‘मंद’, ‘पांगळे’ किंवा ‘जड जिभेचे’ एवढ्याच शब्दांत सांगितले जाई, आणि या तिन्हींवर घरातील वडीलधारी बाई पहिला उपाय करी तो खाण्याचा.

त्या उपायांचे मूळ भांडे म्हणजे सहाण. बाळगुटी, किंवा नुसती गुटी, ही कोकणातच काय, साऱ्या महाराष्ट्रात तान्ह्या मुलाला सकाळच्या न्हाणाच्या सुमारास चाटवली जाणारी मुळ्या-फळांची उगाळणी असून तिच्यात वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, जायफळ, अतिविष, सुंठ, काकडशिंगी, ज्येष्ठमध, डिकेमाली, नागरमोथा, बदाम आणि खारीक यांतील कमी-अधिक जिन्नस घराघराच्या रिवाजाप्रमाणे असतात. प्रत्येक जिन्नस आईच्या दुधात किंवा उकळून निववलेल्या पाण्यात सहाणेवर किती वेढे फिरवायचा याचे मोजमाप ठरलेले असे. मूल वाढे तसे वेढे वाढत, जुलाब झाल्यास एका मुळीचे वेढे वाढवले जात, झोप येत नसल्यास जायफळाचा एखादा वेढा अधिक पडे. वजनकाटा आणि मोजमापाचा चमचा घरात नसताना औषधाची मात्रा आटोक्यात ठेवणारी ही पद्धत होती आणि तिची चतुराई मान्य केली पाहिजे. परंतु गुटीतील बहुतेक जिन्नस पोटाचे आहेत: मुरुडशेंग मुरड्यावर, हिरडा बद्धकोष्ठावर, डिकेमाली जंतांवर, अतिविष ताप-जुलाबांवर, बदाम-खारीक ही पोषणाची भर. बुद्धीशी आणि वाणीशी थेट जोडले गेलेले द्रव्य त्यांत मुख्यत्वे एकच, ते म्हणजे वेखंड.

वेखंडाला संस्कृतात ‘वचा’ म्हणतात आणि वाचेशी असलेले या नावाचे नाते परंपरेने फार मनावर घेतले. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या जिभेला वेखंड मधात उगाळून लावण्याचा प्रघात आजही मोडलेला नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात बालकाच्या संगोपनाच्या अध्यायात सारस्वत नावाचे तूप सांगितले आहे. हिरडा, त्रिकटू, पाठा, वेखंड, शेवगा आणि सैंधव यांच्यासह शेळीच्या दुधात सिद्ध केलेले हे तूप वाणी, मेधा, स्मृती आणि भूक वाढवते असा त्या ग्रंथाचा दावा आहे. याच्याही मागे गृह्यसूत्रांतील जातकर्माचा संस्कार उभा आहे, ज्यात जन्मलेल्या बाळाला सोन्याने मध-तूप चाटवले जाई आणि या विधीच्या एका अंगाला ‘मेधाजनन’, म्हणजे बुद्धी उत्पन्न करणे, असे नावच होते. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात या संस्काराची विविध सूत्रांतील रूपे एकत्र मांडली आहेत, आणि ती वाचताना लक्षात येते की सूत्रकारांना अभिप्रेत असलेले मूल निरोगी आहे. मागे पडलेल्या मुलाला पुढे आणण्याचा हा विधी नव्हता, सर्वांनाच चांगली बुद्धी मिळावी म्हणून केलेली ती प्रार्थना होती. इच्छेचे उपचारात रूपांतर पुढे झाले.

हे रूपांतर समजून घेण्यासाठी काश्यपसंहिता हा ग्रंथ सर्वांत महत्त्वाचा आहे. बालरोगांना वाहिलेल्या या प्राचीन संहितेचे खंडित हस्तलिखित नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहात होते आणि ते १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाले. त्यातील लेहाध्यायात, म्हणजे चाटणांच्या अध्यायात, सोने पाण्यात उगाळून मध-तुपासह चाटवल्यास बालक महिनाभरात अत्यंत बुद्धिमान होते आणि सहा महिन्यांत ऐकलेले सारे लक्षात ठेवू लागते असे म्हटले आहे. आज शहरोशहरी पुष्य नक्षत्राच्या दिवशी भरणाऱ्या सुवर्णप्राशन शिबिरांचा आधार हाच. मात्र त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात ‘फक्क’ नावाच्या व्याधीचे जे वर्णन आहे त्याकडे शिबिरांच्या पत्रकांत क्वचितच बोट दाखवले जाते. वर्षाचे होऊनही जे मूल पायांनी चालत नाही ते फक्क, अशी तिथे व्याख्या आहे आणि कारणांवरून तीन प्रकार सांगितले आहेत: दूध पाजणारीचे दूध दूषित असल्याने होणारा क्षीरज, आई पुन्हा गरोदर राहिल्याने अंगावरचे दूध लवकर तुटल्यामुळे होणारा गर्भज, आणि दीर्घ आजारामुळे होणारा व्याधिज. आधुनिक डॉक्टरांनी या वर्णनात कोणी मुडदूस, कोणी कुपोषण, कोणी मेंदूचा पक्षाघात पाहिला; बहुधा तिन्ही तिथे एकत्र आहेत. गर्भज फक्काचे निदान तर विलक्षण नेमके आहे, कारण पाठोपाठच्या बाळंतपणांमुळे दूध तुटलेले मूल खंगते हे निरीक्षण विसाव्या शतकातील पोषणशास्त्रालाही स्वतंत्रपणे पुन्हा करावे लागले.

फक्कावर काश्यपाने औषधी तुपे सांगितली, दूध आणि मांसरस सांगितले, तेलाचा अभ्यंग सांगितला, आणि त्यानंतर सुताराकडून तीन चाकांची एक छोटी गाडी करवून घेऊन तिच्या आधाराने मुलाला चालण्याचा सराव द्यावा असेही सांगितले. मराठी घरातील पांगुळगाडा तो हाच, किंवा त्याचा सख्खा भाऊ. आहार आणि व्यायाम या दोन उपायांपैकी परंपरेने पुढच्या पिढ्यांकडे दोन्ही पोचवले, पण प्रतिष्ठा मात्र पहिल्यालाच दिली: सोन्याच्या चाटणाला संस्काराचे वलय मिळाले आणि पांगुळगाडा खेळण्यांत जमा झाला. वास्तविक मेंदूच्या पक्षाघाताच्या किंवा उशिरा चालणाऱ्या मुलाच्या बाबतीत आजचे भौतिकोपचार ज्या दिशेने जातात ती दिशा गाडीचीच आहे.

चाटणाकडून ताटाकडे आले की चित्र अधिक ठोस होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीविषयीचा दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातील गरिबाचे पोट नाचणी, वरी आणि हरीक या वरकस जमिनीतील धान्यांवर चाले, तर भात हा त्या मानाने सुस्थितीचा आहार होता. अंगावरच्या दुधाला जोड म्हणून मुलाला प्रथम दिले जाई ते नाचणीचे सत्त्व, भाताची पेज, मऊ भात आणि मेतकूट. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या नखाएवढेही नसते. तेव्हा कोकणातील गरीब मूल या एका बाबतीत तरी भातखाऊ शेजाऱ्यापेक्षा भाग्यवान होते. सत्त्व काढताना भिजवून वाटलेली नाचणी फडक्यातून गाळली जाते आणि फडक्यात उरणारा चोथा टाकला जातो किंवा गुरांना घातला जातो, आणि खनिजांचा बराच वाटा त्या कोंड्यातच असल्यामुळे मुलाच्या वाटीला पचायला हलका पण गरीब झालेला भाग येतो, हा या सुंदर प्रथेतील एक दोष.

हाडे मऊ राहून पाय वाकणे, डोके मोठे दिसणे आणि चालणे लांबणे अशी लक्षणे असलेल्या रोगाला मराठीत ‘मुडदूस’ असे खास नाव आहे. (किनाऱ्यावर आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या मुडदुशे या माशाशी असलेल्या नामसाम्यावरून औषधाचा सिद्धान्त बांधण्याचा मोह वाचकाने आवरावा.) या रोगाच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक दुर्लक्षित स्थान आहे. १९२१ आणि १९२२ मध्ये हचिसन या डॉक्टरांनी पटेल आणि शाह या सहकाऱ्यांसह नाशिक येथे केलेल्या पाहण्या इंग्लंड-स्कॉटलंडमधील वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या. त्यांना असे आढळले की सुस्थितीतील, चांगले खाणाऱ्या, परंतु पडद्यात किंवा घरातच राहणाऱ्या मुली-स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यात मुडदूस अधिक आहे, तर निकृष्ट अन्नावर राहणाऱ्या पण दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्या गरिबांत तो विरळा आहे. मुडदूस हा उण्या आहाराचा रोग की उन्हाच्या अभावाचा, हा वाद त्या वेळी युरोपात पेटलेला होता. १९२२ मध्येच अमेरिकेत मॅकॉलम याने माशाच्या तेलातील मुडदूसविरोधी घटक वेगळा ओळखला आणि पुढे त्याला ड जीवनसत्त्व म्हटले जाऊ लागले, आणि हे जीवनसत्त्व माशाच्या यकृतातही असते व उन्हाने त्वचेतही तयार होते हे कळल्यावर दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे ठरले. नाशिकच्या पाहणीने दाखवलेली गोष्ट मात्र ताटावर भिस्त ठेवणाऱ्यांना आजही अवघड जाते: दूध-तूप खाणाऱ्या घरातले मूल पांगळे राहिले आणि भाकरी-चटणीवरचे चालते झाले, ते अंगणामुळे.

मुंबईने या इतिहासात दोन बाटल्या आणि एक गोळी घातली. रत्नागिरी जिल्हा हा गिरणीकामगारांचा मोठा पुरवठादार होता, आणि गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना पाळीभर झोपवून ठेवण्यासाठी ‘बाळागोळी’ नावाची अफूची गोळी देत. १९२० च्या दशकाच्या आरंभी स्त्री कामगारांच्या पाहणीवर डॉ. बार्न्स यांनी दिलेल्या अहवालात ही चाल जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे नोंदले आहे. मूल शांत राहते म्हणून ती गुटीच्याच पंगतीत बसली, पण गुंगीत राहणारे मूल दूध कमी पिते, त्याची वाढ खुंटते आणि जागेपणीचा त्याचा शिकण्याचा वेळही जातो. विकासाला हातभार लावणाऱ्या पदार्थांच्या इतिहासात विकास खुंटवणाऱ्या या पदार्थाची नोंद टाळता येत नाही. पहिली बाटली डोंगरे बालामृताची: के. टी. डोंगरे आणि कंपनीच्या या औषधाने मराठी नियतकालिकांच्या जाहिरातींतून गुटगुटीत बाळाची अशी प्रतिमा रुजवली की धष्टपुष्ट मुलाला ‘बालामृतावर वाढलेला’ म्हणण्याची लकब भाषेत उरली. दुसरी बाटली माशाच्या तेलाची. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडून येणारे कॉड माशाचे तेल थांबल्यावर भारतात मुंबई आणि केरळच्या किनाऱ्यांवर मुशी, म्हणजे शार्क, माशाच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. अ आणि ड जीवनसत्त्वांची ही खरीखुरी खाण होती आणि मुडदुसावर तिचा गुण निर्विवाद होता. परंतु हाडे घट्ट करणारी बाटली बुद्धीही घट्ट करील अशी समजूत तिच्याबरोबरच पसरली, आणि गुबगुबीतपणा म्हणजेच विकास हे जाहिरातीचे समीकरण बाळंतिणीच्या खोलीत कायमचे राहायला आले.

ज्या पदार्थाने मतिमंदत्व प्रत्यक्षात टळले तो मात्र कोणत्याही गुटीत नव्हता. आयोडीन या मूलद्रव्यावाचून गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला आपला स्राव तयार करता येत नाही, आणि गर्भावस्थेत हा स्राव अपुरा पडला तर मुलाचा मेंदू नीट घडत नाही; गलगंडाच्या प्रदेशांत आढळणारी बहिरी-मुकी, खुजी आणि मतिमंद मुले ही या उणिवेची टोकाची रूपे होत. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली आयोडीनयुक्त मिठाचा दीर्घ प्रयोग झाला, त्याच्या १९७३ च्या अहवालाच्या लेखकांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी आडनावे आहेत, आणि गलगंडाचे प्रमाण अशा मिठाने किती खाली येते हे त्यातून जगाला दिसले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून आयोडीन-न्यूनता विकारांवर भर देण्यात आला, कारण प्रश्न गळ्याचा नसून डोक्याचा आहे हे तोवर स्पष्ट झाले होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात आयोडीनची उणीव असलेल्या आणि नसलेल्या लोकसमूहांतील सरासरी बुद्ध्यंकाचा फरक साडेतेरा गुणांचा निघाला. कोकणात या मिठाचे स्वागत थंडे होते, आणि ते समजण्यासारखेही आहे: तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या शिरोड्याने १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पाहिला होता, घरोघरी मिठागरातले खडे मीठ भरले जाई, आणि पिशवीबंद बारीक मीठ सक्तीचे करणे म्हणजे कंपन्यांची धन करणे असा आक्षेप देशभर घेतला गेला. केंद्राने खाण्यासाठी बिगरआयोडीन मिठाच्या विक्रीवर घातलेली बंदी २००० मध्ये उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लावली. आक्षेपातील आर्थिक बाजू वादाची राहो. मुलाच्या मेंदूच्या बाजूने पाहता सोन्याच्या चाटणापेक्षा हे स्वस्त मीठ श्रेष्ठ ठरले यात शंका नाही.

महामार्ग पालीहून पुढे ज्या गोव्याला जातो तेथे या इतिहासाचा आणखी एक टप्पा आहे. १९३४ मध्ये नॉर्वेतील आस्ब्योर्न फोलिंग या वैद्याने एका आईच्या आग्रहावरून तिच्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीचा कसून तपास केला आणि फेनिलकीटोनुरिया हा आनुवंशिक विकार सापडला, ज्यात प्रथिनांतील फेनिलअ‍ॅलॅनिन या घटकाचे शरीरात रूपांतर होत नाही आणि तो साचून मेंदूला इजा करतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी हा घटक अत्यल्प असलेला आहार एका मुलीला देऊन पाहिला आणि तिच्यात स्पष्ट सुधारणा दिसली. रॉबर्ट गथ्री याने १९६० च्या दशकात टाचेतील रक्ताच्या थेंबावरून नवजात मुलाची चाचणी शक्य केल्यावर इजा होण्याआधीच पथ्य सुरू करता येऊ लागले. पथ्याने मतिमंदत्व टळते याचे इतके निखळ उदाहरण दुसरे नाही, परंतु ते एका विशिष्ट दोषाचे, विशिष्ट घटकाचे आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचे उदाहरण आहे. गोवा शासनाने २००८ मध्ये नवजात शिशूंच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. थायरॉइड जन्मतः कमी असलेली मुलेही याच थेंबातून ओळखता येतात आणि रोजच्या एका स्वस्त गोळीवर ती इतरांसारखी वाढतात.

फेनिलकीटोनुरियाच्या या यशानेच पुढील अनेक आशांना जन्म दिला. स्वमग्न मुलांना गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन ही प्रथिने बाधतात, त्यांच्या अपुऱ्या पचनातून अफूसारखे घटक रक्तात येतात, असा तर्क १९७९ नंतर मांडला गेला. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड यांनी ब-६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियमचा पुरस्कार केला. बेन फाइनगोल्ड यांनी अतिचंचल मुलांच्या ताटातून कृत्रिम रंग काढायला सांगितले. यांपैकी रंगांच्या बाबतीत २००७ च्या साउदॅम्प्टन येथील चाचणीत काही मुलांवर मर्यादित परिणाम दिसला. ग्लुटेन-केसीनमुक्त आहार आणि ब-६ यांच्या बाबतीत मात्र उपलब्ध चाचण्यांच्या आढाव्यांनी पुरेसा पुरावा नसल्याचाच निर्वाळा दिला. मुंबई-पुण्यातून ही पथ्ये कोकणातील घरांपर्यंत पोचली तेव्हा एक गंमत झाली, ती अशी की तांदूळ, नाचणी, मासे आणि नारळाचे दूध यांवर चालणारे जुने कोकणी ताट आधीच जवळजवळ ग्लुटेनमुक्त होते, आणि महागड्या पाकिटातून जे विकत आणले जाते ते आजीच्या चुलीवर फुकट शिजत होते. दूध पूर्ण तोडण्याचा धोका मात्र गमतीचा नाही: २००८ च्या एका अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडे पातळ आढळली आणि दूध वर्ज्य असलेल्यांत तो फरक अधिक होता. जी मुले मुळातच चार पदार्थांपलीकडे काही खात नाहीत त्यांचा एक पदार्थ काढून घेताना त्याच्या जागी काय येणार हे आधी ठरवावे लागते. नाचणी येथे पुन्हा उपयोगी पडते, तीही न गाळलेली.

जुन्या द्रव्यांनाही आता परीक्षा द्यावी लागत आहे. भारतीय वेखंडात बीटा-असारोन हा घटक पुष्कळ असतो, आणि प्राण्यांत त्यामुळे गाठी होतात असे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडाच्या वापरावर बंदी घातली. वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवल्यास क्वचित बॉट्युलिझम हा पक्षाघात आणणारा विकार होऊ शकतो हे १९७६ नंतर उघड झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले, आणि शिसे तर मुलाची बुद्धी कमी करणारे ठरलेले विष आहे.

मागे पडणाऱ्या मुलाला शोधण्याची सरकारी व्यवस्थाही महाराष्ट्रातूनच सुरू झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्घाटन झाले, ज्यात जन्मजात दोष, उणिवा, आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी अंगणवाडी आणि शाळेतील मुलांची तपासणी होते व पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. उणीव आणि विलंब यांना या यादीत स्वतंत्र रकाने आहेत, आणि सहाणेने जे हजार वर्षे एकत्र उगाळले ते येथे प्रथमच वेगळे झाले. उणीव आहाराने भरून निघते; विलंबाचे कारण आधी शोधावे लागते. पालीपासून रत्नागिरी शहर सुमारे २० किलोमीटरवर आहे. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल तर त्याच्या जिभेला वेखंड लावण्यापूर्वी त्याला तेथपर्यंत नेऊन त्याचे कान तपासून घ्यावेत, कारण न बोलणाऱ्या मुलांपैकी काहींना केवळ ऐकू येत नसते.